पात्याचे नाव आणि पात्याचे कूळ

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांविषयी आपल्या समाजात दोन मते आढळतात. काहींस ते निरुपद्रवी छांदिष्ट वाटतात, तर काहींस विद्येचे अप्रसिद्ध सेवक वाटतात. ही दोन्ही मते आपापल्या ठिकाणी खरी असू शकतात. अमुक एक संग्राहक कोणत्या पंक्तीस बसावयाचा, हे त्याच्या कपाटात किती वस्तू आहेत यावरून ठरत नाही. हातातील वस्तू कोणती, हे तो कशाच्या आधारावर सांगतो यावरून ते ठरते. प्रस्तुत लेखात आग्नेय आशियातील जुन्या पात्यांच्या, म्हणजे जावा, बाली, बोर्निओ, सुलू, मलाया व ब्रह्मदेश येथील शस्त्रांच्या आणि हत्यारांच्या, पारखीविषयी जे वाङ्मय निर्माण झाले आहे, त्याचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे. विषय वरकरणी दूरचा वाटेल. परंतु ज्या देशातील एका देवालयाच्या भिंतीवर भीम लोहारकाम करीत बसला आहे आणि त्याच्या शेजारी गणपती नृत्य करीत आहे, तो देश मराठी वाचकास सर्वस्वी परका नव्हे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

या वाङ्मयात अग्रपूजेचा मान जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांच्या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शस्त्रकोशास द्यावा लागतो. स्टोन हे अमेरिकेतील धातुविद्येचे जाणकार होते. त्यांनी जगभरची शस्त्रे जमविली. १९३५ मध्ये ते निवर्तल्यावर त्यांचा संग्रह न्यूयॉर्क येथील मेट्रोपोलिटन संग्रहालयास मिळाला. त्यांचा कोश वर्णानुक्रमाने रचलेला असून चित्रांनी इतका समृद्ध आहे की, आज नव्वद वर्षांनंतरही एखादे अनोळखी पाते हाती आले असता संग्राहकाचा हात प्रथम याच ग्रंथाकडे जातो. पृथ्वीच्या सर्व भागांतील शस्त्रे एका माणसाने एका ग्रंथात आणावी, हा उद्योग खचित असामान्य होय. त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे.

परंतु या ग्रंथाचा दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. कोशाचा स्वभाव असा की, त्यात एका नावापुढे एक चित्र येते आणि एका चित्राखाली एक नाव येते. लोकांच्या बोलीत मात्र नावे इतकी शिस्तीने वागत नाहीत. मलय भाषेतील ‘पारांग’ हा शब्द तोडण्याच्या जड पात्यास सामान्यपणे लावतात. झाडी तोडणारा शेतकरी, नारळ फोडणारा दुकानदार आणि प्रसंगी शत्रूवर धावून जाणारा योद्धा, या सर्वांच्या हातात पारांगच असतो. ब्रह्मी भाषेतील ‘दा’ हा शब्द तर स्वयंपाकघरातील सुरीपासून सरदाराच्या तलवारीपर्यंत सर्वांस पुरतो. पाश्चात्त्य संग्राहकांनी मात्र ‘दा’ म्हणजे लांब, किंचित वक्र, मुठीला आडवे कवच नसलेली तलवार, असा संकेत ठरवून टाकला. एखाद्या परदेशी पाहुण्याने कोकणातल्या एखाद्या घरच्या कोयत्याचे चित्र काढावे आणि खाली ‘कोकणी लोकांचे युद्धशस्त्र’ असे लिहावे, तर आपणांस हसू येईल. त्या कोयत्याने कधी कोणाचे डोके फुटलेच नसेल असे नाही. परंतु त्याचे जन्मकर्म वेगळे आहे. नाव कळले म्हणजे वस्तू कळली, हा जो भ्रम कोशवाङ्मयाने रूढ केला, तो या क्षेत्रातील पुष्कळशा गोंधळाच्या मुळाशी आहे.

स्टोन यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, सिंगापूर येथे जेरल्ड गार्डनर यांचे मलय शस्त्रांवरील पुस्तक निघाले. गार्डनर हे मलायातील जकात खात्याचे अधिकारी. ज्या लोकांची शस्त्रे त्यांनी वर्णिली, त्यांच्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यामुळे त्यांच्या लेखनास प्रत्यक्ष पाहणीचा जो ओलावा आहे, तो न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिलेल्या कोशात येणे शक्य नव्हते. मात्र अनुमानाच्या बाबतीत ते फार मोकळे आहेत. क्रिस या सुप्रसिद्ध जावानी कट्यारीचा उगम त्यांनी पाकट माशाच्या विषारी काट्यात शोधला. ही कल्पना मनोवेधक आहे, परंतु काटा आणि लोखंडी पाते यांच्या मधल्या पायऱ्या दाखविल्यावाचून तिला उपपत्ती म्हणता येत नाही. पुढील अभ्यासकांनी ती सहसा स्वीकारली नाही, हे योग्यच झाले. असे असले तरी, वस्तूच्या नावावरून तिच्या घडणीकडे दृष्टी वळविली हे गार्डनर यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

घडणीकडे पाहू लागले म्हणजे पुष्कळ समजुती आपोआप गळून पडतात. क्रिस म्हणजे नागमोडी पाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः सरळ पात्याचे क्रिस विपुल आहेत आणि त्यांची प्रतिष्ठा नागमोडी क्रिसहून कमी नाही. क्रिसची खरी ओळख पात्याच्या बुडाशी आहे. तेथे पाते एका बाजूस अधिक रुंद होते, आणि ते तसे विषम असणे हेच त्याचे लक्षण होय. या बुडाखाली बहुधा लोखंडाची एक वेगळी आडवी पट्टी बसविलेली असते. तिला जावात गोंजो म्हणतात. पात्याला वळणे असल्यास ती विषम संख्येनेच मोजली जातात. पात्यावर जी पांढुरकी नक्षी दिसते तिचे नाव पामोर. साधे लोखंड आणि निकेलयुक्त लोखंड यांचे थर भट्टीत एकजीव करून, दुमडून, पुन्हा ठोकून ती उत्पन्न करतात. मग लिंबाचा रस व सोमल यांचे मिश्रण लावले म्हणजे साधे लोखंड काळवंडते, निकेलाचे थर उजळ राहतात, आणि लोहाराने आत दडवून ठेवलेली नक्षी वर येते. या निकेलासाठी सुलावेसी बेटातील लुवू येथील लोखंड प्रसिद्ध होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रांबानान येथे सापडलेली उल्का सुराकार्ताच्या राजवाड्यात नेण्यात आली आणि तिच्या लोखंडाचाही याच कामी उपयोग झाला. आकाशातून पडलेले लोखंड आणि भूमीतून काढलेले लोखंड एकाच पात्यात एकत्र यावे, ही कल्पना त्या लोकांस किती पवित्र वाटली असेल, हे सांगावयास नकोच.

बोर्निओतील दायाक लोकांचा मांडाउ घेतला तर घडणीचे महत्त्व अधिकच पटते. त्याचे पाते एका अंगास फुगीर व दुसऱ्या अंगास किंचित खोलगट असते. त्यामुळे उजव्या हाताने मारणाऱ्याचे पाते डावखुऱ्याच्या कामाचे नसते. मूठ बहुधा हरणाच्या शिंगाची कोरलेली असते. म्यानाच्या मागे एक लहान, लांब दांड्याची सुरी खोवलेली असते. ती वेत तासण्यासाठी आणि कोरीव कामासाठी वापरतात. शिरच्छेदाचे शस्त्र म्हणून ज्याची भीषण ख्याती झाली, त्याच्याच पाठीला असे गृहोपयोगी हत्यार बांधलेले असावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संग्राहकांच्या बाजारात मात्र ही लहान सुरी पुष्कळदा हरवलेली असते. मोठ्या पात्याचे मोल होते आणि लहान पाते गळून जाते. ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडील काचिन लोकांच्या तलवारीचे टोक अणकुचीदार नसून बोथट चौकोनी असते, आणि तिचे लाकडी म्यान एका बाजूने उघडे असते. सुलू बेटांतील बारोंगचे पाते पानाच्या आकाराचे, तर मिंदानाओकडील कांपिलान टोकाकडे रुंद होत गेलेला व दुभंगलेल्या मुठीचा. या प्रत्येक आकारामागे तेथील अरण्य, तेथील पीक आणि तेथील युद्धरीती आहे. केवळ आकार पाठ करणाऱ्यास हे दिसत नाही. आकार असा का झाला हे विचारणाऱ्यास दिसते.

अलीकडच्या ग्रंथांपैकी आल्बर्ट व्हान झोनेव्हेल्ट यांचा इंडोनेशियातील पारंपरिक शस्त्रांवरील ग्रंथ (२००१) आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो. तोही कोशच आहे. तथापि त्यात नावाबरोबर प्रदेश येतो, आणि एकाच पात्यास निरनिराळ्या ठिकाणी काय म्हणतात, हेही येते. स्टोन यांच्या कोशात जे नाव वस्तूच्या गळ्यात चिठ्ठीसारखे अडकवलेले दिसते, ते येथे निदान एखाद्या गावाच्या वेशीपर्यंत नेऊन पोहोचविले आहे. तरीही वेशीच्या आत, घराच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे हे पाते कोणी घडविले, कोणी वापरले आणि ते कोणत्या मार्गाने येथे आले येथपर्यंत, कोणताही कोश आपणांस नेऊ शकत नाही. त्यासाठी वेगळ्या विद्येची गरज आहे.

अशी एक विद्या जावात पूर्वापार आहे, आणि पाश्चात्त्य ग्रंथकारांनी तिला पुरेसा न्याय दिला नाही, अशी आमची तक्रार आहे. जावानी जाणकार क्रिस हाती घेतो तेव्हा तो प्रथम त्याचा धापुर, म्हणजे आकारप्रकार, ठरवितो. मग पामोर पाहतो. आणि शेवटी तंगुह सांगतो. तंगुह म्हणजे हे पाते कोणत्या काळचे व कोणत्या राज्यातील घडणीचे असावे याविषयीचा निर्णय: पजाजारानचे, मजापहितचे की मातारामचे. त्यासाठी तो लोखंडाचा रंग पाहतो, पाते हातात तोलतो, त्यास टिचकी मारून नाद ऐकतो. या शब्दाचा मूळ अर्थच ‘अंदाज’ असा आहे, आणि आम्हांस हे फार मार्मिक वाटते. पिढ्यान्‌पिढ्या क्रिस हाताळणाऱ्या लोकांनी आपल्या सर्वांत मोठ्या विद्येस अंदाज हे नम्र नाव दिले. याउलट पन्नास पाती पाहिलेला परदेशी संग्राहक आपल्या यादीत ‘मजापहित, चौदावे शतक’ असे बेलाशक लिहून मोकळा होतो.

या विद्येसही मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे हा पक्षपात होईल. एम्पू, म्हणजे क्रिस घडविणारे थोर कारागीर, जुन्या राज्यांच्या शैलीत मुद्दाम घडण करीत आले आहेत. आपल्या पूर्वजांच्या रीतीने घडविणे हे त्यांस भूषण वाटे. त्यामुळे तंगुह शैली सांगतो, वर्ष सांगेलच असे नाही. वर्ष सांगणारी पाती अत्यंत विरळा. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पाते क्नाउड यांचा क्रिस या नावाने ओळखले जाते. जावातील पाकुआलाम घराण्याच्या अधिपतीने तो एकोणिसाव्या शतकात चार्ल्स क्नाउड या डच वैद्यास दिला. त्याच्या पात्यावर तांब्याचा पातळ पत्रा असून त्यावर रामायणातील प्रसंग आहेत. आणि त्यावर वर्ष आहे शके १२६४, म्हणजे इसवी सन १३४२. ज्या शकाने आपल्या पंचांगाचे पहिले पान उघडते, त्याच शकाने जावातील लोहाराने आपल्या पात्यावर काळाची मुद्रा उठविली, हे वाचून कोणा मराठी वाचकास कौतुक वाटणार नाही?

लावू पर्वताच्या उतारावरील पंधराव्या शतकातील सुकुह देवालयाचे शिल्पही असेच बोलके आहे. त्यात एका बाजूस बसून पाते घडविणाऱ्या पुरुषास विद्वान भीम मानतात. दुसऱ्या बाजूस नळ्यांचा भाता चालविणारा अर्जुन. आणि मध्ये नृत्य करणारा गजानन. भीमाच्या भोवती घडून तयार झालेली हत्यारे मांडलेली आहेत. लोहाराच्या भट्टीस देवांचे सान्निध्य लाभलेला हा देखावा एका गोष्टीची साक्ष देतो: त्या समाजात पाते घडविणे हा केवळ धंदा नव्हता. क्रिस हा घराण्याचा वारसा असे, त्याला नाव असे, दरवर्षी सुरो महिन्यात त्याचे विधिपूर्वक स्नान होई, आणि वर प्रत्यक्ष हजर नसल्यास त्याचा क्रिस त्याच्या जागी लग्नास उभा राही. आपल्याकडील राजघराण्यांतील खांड्याशी लग्न लावण्याची चाल ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यात नवल वाटू नये. अशी वस्तू तिच्या कुळापासून तोडून काचेच्या कपाटात ठेवली, तर तिचे पाते तेवढे शिल्लक राहते.

नाव, रूप आणि कूळ या तिन्हींची कसोटी एकाच प्रसंगी लागावी, असे एक प्रकरण नुकतेच घडले. त्याची हकीकत आम्ही थोडी विस्ताराने देतो. योग्यकार्ताचा राजपुत्र दिपोनेगोरो याने १८२५ ते १८३० अशी पाच वर्षे डचांविरुद्ध युद्ध केले. त्यापूर्वी, १८१२ मध्ये, रॅफल्स जावाचा कारभारी असताना इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या साहाय्याने योग्यकार्ताचा राजवाडा घेऊन लुटला होता. तेव्हा हा राजपुत्र तरुण होता. २८ मार्च १८३० रोजी मागेलांग येथे वाटाघाटीस बोलावून डचांनी त्यास कैद केले, आणि १८५५ मध्ये मकासर येथे हद्दपारीतच त्याचा अंत झाला. त्याचा एक क्रिस कर्नल क्लेरेन्स याच्याकडे गेला. तेथून तो १८३१ मध्ये डच राजा पहिला विल्यम यास नजर झाला आणि राजाच्या दुर्मिळ वस्तूंच्या दालनात जमा झाला. पुढे १८८३ मध्ये ते दालन मोडले, वस्तू वाटल्या गेल्या, आणि हा क्रिस लायडनच्या संग्रहालयातील असंख्य क्रिसांत मिसळून गेला. संग्रहालयात तो होता. परंतु तो कोणता, हे कोणास सांगता येईना.

पुढे चौकशीअंती जो क्रिस निश्चित झाला, तो पात्याच्या आकारावरून नव्हे, कागदांवरून निश्चित झाला. दिपोनेगोरोचा सेनापती सेंतोत याने क्रिस दिला गेल्याचे पाहिले होते, आणि त्याचे तसे पत्र होते. त्या पत्रावर राडेन सालेह या प्रख्यात जावानी चित्रकाराने लिहिलेले टिपण होते. याच चित्रकाराने पुढे दिपोनेगोरोच्या अटकेचे चित्र काढले. डच आणि इंडोनेशियन तज्ज्ञांनी हे कागद व ते पाते एकमेकांशी ताडून पाहिले, आणि मार्च २०२० मध्ये तो क्रिस इंडोनेशियास परत गेला.

पण येथे वाद संपला नाही, नवा सुरू झाला. कागदांत क्रिसचे नाव नागा सिलुमान असे आहे; सिलुमान म्हणजे अदृश्य होणारा, रूप बदलणारा. जावानी धापुरशास्त्राप्रमाणे या प्रकारात नागाचे मस्तक दिसावे आणि शरीर दिसू नये. परत आलेल्या पात्यावर मात्र नागाचे शरीर पात्याच्या वळणांतून स्पष्ट गेलेले आहे. जाणकारांच्या मते हे नागा सास्रा या प्रकाराचे लक्षण होय. हा ‘सास्रा’ शब्द आपल्या ‘सहस्र’ शब्दाचेच जावानी रूप. मग खरे काय? एक पक्ष म्हणतो, नाव हे त्या विशिष्ट क्रिसचे पाळण्यातले नाव होते, प्रकाराचे नव्हे. वाघमारे आडनावाच्या माणसाने वाघ मारलेलाच असला पाहिजे असे नाही. दुसरा पक्ष म्हणतो, शास्त्रास सोडून असे नाव पडणे संभवत नाही. आमच्या मते, या वादात कोणता पक्ष जिंकतो यापेक्षा वाद कोणत्या पातळीवर झाला, हे अधिक महत्त्वाचे आहे. येथे कोणी कोशातील चित्र पुढे केले नाही. एका बाजूस पत्र, साक्षीदार आणि हस्तांतरांची साखळी होती. दुसऱ्या बाजूस पिढीजात शास्त्र होते. पारख म्हणावयाची ती अशी.

महाराष्ट्रातील वाचकांस हा प्रश्न अगदी ओळखीचा वाटेल. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली आणि साताऱ्यास प्रदर्शित झाली. त्यांच्यासोबतच्या पेटीवर, ती ग्रँट डफ यास साताऱ्यात मिळाली आणि ती शिवाजी महाराजांचीच होत, अशा आशयाचा मजकूर आहे. परंतु हीच ती १६५९ ची वाघनखे, असे पडताळून सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. हे ऐकून काहींस राग आला, काहींस दुःख झाले. आम्हांस मात्र वाटते की, पेटीवरील मजकूर हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे, एवढे समजण्याइतकी प्रौढता आमच्या समाजात नक्कीच आहे. जी श्रद्धा पुराव्याचा तपास सहन करू शकत नाही, तिचा मान वस्तूस मिळत नसून पेटीस मिळतो.

येथवर आम्ही शस्त्रांविषयीच बोललो, कारण ग्रंथकार आणि संग्राहक त्यांच्याविषयीच बोलतात. या वाङ्मयावर आमचा सर्वांत मोठा आक्षेप येथेच आहे. आग्नेय आशियातील पात्यांपैकी बहुसंख्य पाती माणसे मारण्यासाठी घडविलेली नाहीत. जावातील आनी-आनी हे भात कापण्याचे हत्यार घ्या. लाकडाच्या लहान तुकड्यात बसविलेले ते बोटभर पाते स्त्रिया तळहातात लपवून धरीत आणि एकेक लोंबी खुडीत. ते लपवावयाचे कारण असे की, भातात वास करणारी देवी श्री हिला शस्त्र पाहून भय वाटू नये. १९७० नंतर नवी, बुटक्या रोपांची वाणे आली, मजुरीची रीत बदलली, आणि विळ्याने या चिमुकल्या पात्यास शेतांतून मोठ्या प्रमाणावर हुसकून लावले. क्रिस दाखविण्यासाठी घडला, आनी-आनी लपविण्यासाठी. दोहोंच्या मुळाशी एकच श्रद्धा आहे. परंतु क्रिसवर ग्रंथ आहेत, आणि आनी-आनी शस्त्रसंग्राहकाच्या यादीत सहसा येतच नाही. सुपारी कातरणाऱ्या काचिपचीही तीच गत. घोड्याच्या व नागाच्या मस्तकांनी सजविलेले हे अडकित्ते बाली-लोंबोकच्या लोहारांचे कौशल्य उत्कृष्टपणे दाखवितात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे आणि घरोघरच्या साध्या वस्तू जमवून जे दाखवून दिले, ते त्या देशातील पात्यांच्या संग्राहकांनी अजून शिकावयाचे आहे: रोजच्या हातातील वस्तूसही इतिहास असतो.

आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात लोंबोक बेटाची एक कथा सांगितली आहे. तिच्या सत्यासत्यतेविषयी आम्ही आग्रह धरीत नाही, परंतु तिचे मर्म मोलाचे आहे. तेथील राजास भाताचा कर कमी येऊ लागला. प्रजा मोजल्यावाचून चोरी कोठे होते हे कळणार नव्हते, आणि उघडपणे मोजू गेल्यास खरा आकडा कोणी सांगणार नव्हते. तेव्हा त्याने जाहीर केले की, पर्वतावरील देवतेने साथीचे रोग टाळण्यासाठी बारा पवित्र क्रिस घडविण्याची आज्ञा दिली आहे. त्यासाठी प्रत्येक गावाने दर माणशी एक सुई पाठवावी. एकही सुई कमीअधिक झाल्यास क्रिसचा गुण जाईल. सुयांच्या जुड्या बिनचूक आल्या. राजास आपली शिरगणती मिळाली, कर वाढला, आणि बारा क्रिसही घडले. एका पात्यात सारे गाव ओतलेले असावे, यापेक्षा क्रिसची अधिक सुंदर व्याख्या आम्हांस कोणत्याही कोशात आढळली नाही. त्याच लोंबोकवर १८९४ मध्ये डचांनी स्वारी करून राजाचा खजिना नेला. त्या खजिन्यातील शेकडो वस्तू आणि बालीतील क्लुंगकुंगचा एक क्रिस २०२३ मध्ये इंडोनेशियास परत मिळाले. त्या वेळी इंडोनेशियास परत दिलेल्या वस्तूंची एकूण संख्या ४७२ होती. परत आलेल्या प्रत्येक वस्तूमागे कोणी तरी जतन केलेला कागद होता. ज्यांचे कागद नाहीत, ती पाती कोणाची, हे आता कोण सांगणार?

यावरून संग्राहकाचे कर्तव्य काय ते सहज निघते. पाते मिळाले म्हणजे त्याचे नाव शोधण्यापूर्वी ते कोणाकडून, कोठे, कोणत्या म्यानात आणि कोणत्या मुठीसह मिळाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. जावानी पात्यास मलय मूठ आढळली तर ती काढून ‘शुद्ध’ मूठ बसविण्याचा मोह आवरावा. ती विसंगती हाच त्या पात्याच्या प्रवासाचा पुरावा असू शकतो. गंज काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरू नये. पामोर हा पृष्ठभागावरचा लेख आहे, तो एकदा खरवडला गेला की पुन्हा वाचता येत नाही. उलटपक्षी, आम्लाने खाल्लेले पाते पाहून ते जुनेच असेल असेही समजू नये. मदुरा बेटावरील सुमेनेपच्या परिसरात आजही कुशल लोहार क्रिस घडवितात. त्यांची नवी पाती नवी म्हणून विकत घेणे हे पुण्यकर्म आहे. तीच पाती मुद्दाम झिजवून, जुनी म्हणून विकणारा व्यापारी मात्र कारागिराचे नाव आणि गिऱ्हाइकाचे धन दोन्ही चोरतो. इंडोनेशियाच्या क्रिसला युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाचा सन्मान दिला. तो सन्मान घडविण्याच्या विद्येस, त्या विद्येभोवतीच्या जीवनास आहे. लिलावातील पात्याच्या किमतीशी त्याचा संबंध नाही.

सारांश, स्टोन यांचा कोश जवळ असावा, परंतु त्यावर विसंबून राहू नये. गार्डनर यांची निरीक्षणे घ्यावी, उपपत्ती सोडावी. व्हान झोनेव्हेल्ट यांच्यापासून प्रदेशाचा विचार शिकावा. आणि या सर्वांवर, ज्या लोकांनी पाती घडविली त्यांच्या स्वतःच्या शास्त्रास प्रमाण मानून, त्यासही कागदाच्या कसोटीवर घासावे. या विषयावरचा जो ग्रंथ आम्हांस हवा आहे, तो अद्याप लिहिला गेलेला नाही. त्यात क्रिस आणि आनी-आनी एकाच प्रकरणात असतील, प्रत्येक चित्राखाली नावाच्या आधी हस्तांतरांची नोंद असेल, आणि जेथे निश्चित सांगता येत नाही तेथे ग्रंथकार जावानी जाणकाराप्रमाणे ‘हा अंदाज आहे’ एवढेच लिहील.